सहाव्या वर्षाची ठेव

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने दातांवर लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु आमच्या गल्लीतील तिसरी-चौथीच्या मुलांची मी संध्याकाळी शिकवणी घेतो. त्यात मराठी घरची मुले आहेत, कन्नड घरचीही आहेत. त्यांपैकी एकाची खालची दाढ गेल्या वर्षी काढावी लागली. ती दुखू लागली तेव्हा घरचे म्हणत, "दुधाची आहे, पडेल आपोआप." शेजारच्या कन्नड आजींचेही तेच, "हालहल्लु, बिद्दु होगताव." भाषा दोन, समजूत एक, आणि तीच चुकीची. ती दाढ दुधाची नव्हतीच.

दुधाचे दात २०. सुमारे सहाव्या वर्षी त्यांच्या मागे वर दोन आणि खाली दोन अशा चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी आधीचा कोणताच दात पडत नाही. म्हणून त्या आल्याचे घरात कळतही नाही. पण त्या कायमच्या असतात. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि जागा अगदी मागे, जिथे मुलाचा ब्रश पोचत नाही. साहजिकच कीड तिथे लवकर लागते.

कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताच्या कवचातील क्षार विरघळवते. लाळ ही तूट भरून काढते, परंतु तिला वेळ लागतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला महत्त्व अधिक. जेवणाबरोबर कुंदा खाणाऱ्या मुलापेक्षा दिवसभर गोळ्या चघळणारे मूल जास्त तोट्यात असते. आम्ही यंत्रावर घसारा काढतो आणि यंत्र झिजले की नवे घेतो. दाताचे तसे नाही. एकदा खड्डा पडला की शरीर नवे कवच घडवीत नाही.

उपाय साधे आहेत. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये. फेस थुंकावा, मात्र चुळांवर चुळा भरून पेस्टचा अंश धुऊन टाकू नये. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी स्वतः दात घासून द्यावेत. मागच्या दाढांच्या खाचा दंतवैद्य पातळ लेप देऊन बुजवू शकतात, त्याची चौकशी करावी.

आणखी एक. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली सरकारने बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायदा कुठवर अडवणार? ती डबी मुलांच्या हाती जाऊ न देणे आपल्याच हातात आहे.

मित्रहो, आपणांपैकी अनेकांच्या घरी धाकटी भावंडे आहेत. आज रात्री त्यांना दिव्याखाली तोंड उघडायला सांगा आणि अगदी मागची दाढ पाहा. तिथे काळा ठिपका दिसला, तर "पडेल आपोआप" असे म्हणू नका. त्या ठेवीची मुदत जन्मभराची आहे.