पिंजऱ्यांतील घुबड आणि त्याचा खरा रंग

आपल्यापैकीं बहुतेकांनीं घुबड पाहिलें असेल तें चित्रांत, नाहीं तर प्राणिसंग्रहालयाच्या जाळीआड. रात्रीं हिंडणाऱ्या व दिवसा ढोलींत बसणाऱ्या या पक्ष्याचें रानांत दर्शन घडणें कठीण. म्हणून त्याचें रूप जवळून न्याहाळावयाचें तर पिंजऱ्यांतील पक्षी हाच सोयीचा होय. हल्लीं घरोघरीं कॅमेरा आला आहे आणि संगणकावर चित्र सुधारण्याचीं साधनेंही आलीं आहेत. तेव्हां अशा घुबडाचें छायाचित्र कसें घ्यावें व त्याचा रंग नैसर्गिक कसा राखावा, याचा आज विचार करूं. मात्र प्रारंभींच माझी एक चूक सांगणें मला प्राप्त आहे.

गेल्या वर्षीं एका प्राणिसंग्रहालयांत मीं शृंगी घुबडाचें छायाचित्र घेतलें. ऊन लागूं नये म्हणून पिंजऱ्यावर हिरवी जाळी ताणलेली होती. घरीं येऊन पाहतों तों पक्षी शेवाळ चढल्यासारखा हिरवट! तो दोष झांकण्यासाठीं मी संगणकावर पिवळा व तांबडा हे रंग वाढवीत गेलों. पिसें सोनेरी झालीं, डोळे लालभडक झाले आणि चित्र मला फार नामी वाटलें. शाळेच्या प्रदर्शनांत तें लावलें, पुष्कळांनीं वाखाणलें. परंतु त्याच संग्रहालयांत पक्ष्यांना खाणें घालणारे एक गृहस्थ, जे आपल्याच एका विद्यार्थ्याचे वडील आहेत, चित्रापुढें बराच वेळ उभे राहिले. शेवटीं ते हळूच म्हणाले, "सर, राग मानूं नका, पण हें आमचें घुबड नव्हे. त्याचे डोळे नारिंगी आहेत. हे तर निखारे दिसतात." मला उत्तर सुचलें नाहीं. त्याच सायंकाळीं तें चित्र मीं भिंतीवरून उतरविलें.

माझें चुकलें कोठें? पांढरा कागद उन्हांत, सावलींत आणि दिव्याखालीं आपल्याला पांढराच दिसतो, कारण आपला डोळा व मेंदू प्रकाशाचा रंग आपोआप वजा करून घेतात. कॅमेऱ्याला तें तितकेंसें साधत नाहीं. प्रकाशाचा रंग केल्विन या मापानें सांगतात. जुन्या तारेच्या दिव्याचा पिवळा प्रकाश सुमारें २,७०० केल्विन, दुपारच्या उन्हाचा सुमारें ५,५०० आणि निरभ्र आकाशाखालील सावलीचा ७,००० किंवा त्याहूनही अधिक असतो. आंकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. पिंजऱ्यांत याखेरीज हिरव्या जाळीची, रंगविलेल्या भिंतीची व झाडांच्या पानांची छटा मिसळते. थोडक्यांत, माझा दोष घुबडाच्या पिसांत नव्हता, प्रकाशांत होता. आणि मीं मात्र प्रकाश सोडून पिसेंच रंगविलीं.

आतां छायाचित्र घेण्याची रीत पाहूं. पहिला नियम पक्ष्याच्या सुखाचा. घुबडाची बाहुली अंधारासाठीं मोठी उघडते. तिच्यावर एकाएकीं झगझगीत दिवा पाडूं नये. जाळी ठोठावूं नये, हांका मारूं नयेत. घुबडाचे डोळे खोबणींत फिरत नाहींत; म्हणून तें सारी मान वळवितें, आणि ती एका बाजूस सुमारें २७० अंश वळते. आपण शांत उभे राहिलों तर केव्हां ना केव्हां तें आपल्याकडे तोंड करतेंच.

दुसरा नियम जाळीचा. कठड्याच्या बाहेर राहून भिंग शक्य तितकें जाळीजवळ न्यावें, भिंगाचें छिद्र मोठें ठेवावें आणि पक्षी जाळीपासून दूर बसला असतांना चित्र घ्यावें. म्हणजे जवळच्या तारा इतक्या अस्पष्ट होतात कीं बहुधा दिसतच नाहींत. जाळीच्या ज्या भागावर ऊन पडत नाहीं तो भाग निवडावा. उन्हानें चकाकणारी तार चित्रावर धुक्यासारखा पडदा पसरविते.

तिसरा नियम रंगाचा. कॅमेऱ्यांत सोय असल्यास चित्र 'रॉ' प्रकारानें सांठवावें. त्यांत कॅमेऱ्यानें टिपलेली मूळ माहिती राहते व प्रकाशाचा हिशेब मागाहून नीट मांडतां येतो. शिवाय त्याच प्रकाशांत करड्या पुठ्ठ्याचें एक चित्र घ्यावें. छायाचित्रकारांचा हा पुठ्ठा पडलेल्या प्रकाशापैकीं १८ टक्के परत पाठवितो आणि कोणत्याही रंगाकडे झुकत नाहीं. साधा कोरा कागद येथें तितका विश्वासू नव्हे. पुष्कळ कागदांत ते अधिक शुभ्र दिसावेत म्हणून द्रव्यें घातलेलीं असतात व त्यांमुळें निळसर झांक येते.

संगणकावर काम या क्रमानें करावें. प्रथम पुठ्ठ्याच्या चित्रावरून प्रकाशाचा रंग ठरवावा. यालाच 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात. पुठ्ठा करडा दिसूं लागला कीं तेंच माप घुबडाच्या चित्रास लावावें. हिरवी झांक उरली तर तिच्या विरुद्ध असणाऱ्या किरमिजी रंगाकडे किंचित् सरकावें. नंतर उजेड बेताचा करावा. गव्हाणी घुबडाचा पांढरा चेहरा फार उजळला तर त्यांतील बारीक पिसांच्या रेषा नाहींशा होतात. रंगांचा भडकपणा शेवटीं, आणि अगदीं थोडा. मग डोळे तपासावेत. शृंगी घुबडाचे डोळे नारिंगी, पिंगळ्याचे पिवळे आणि गव्हाणी घुबडाचे काळेभोर असतात. डोळ्याचा रंग बदलला असेल तर आपण वाट चुकलों असें समजावें.

कोणी म्हणेल, एवढा काटेकोरपणा कशासाठीं? आपल्या खानदेशांतीलच एक गोष्ट ऐका. १८७३ सालीं ॲलन ह्यूम यांनीं वनपिंगळ्याचें प्रथम वर्णन केलें. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाहीं. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनीं मात्र १९१४ सालीं गुजरातेंत आपल्याला एक मिळाल्याचें नमूद केलें होतें. पुढें तपासांत आढळलें कीं तो नमुना संग्रहालयांतून चोरलेला असून त्यावर खोटी चिठ्ठी लाविली होती. पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी खोटी नोंद बाजूस सारून खऱ्या जुन्या नोंदींच्या प्रदेशांत गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ त्यांना जिवंत वनपिंगळा दिसला, ११३ वर्षांनीं! नेहमींच्या पिंगळ्यापासून तो ओळखतात तो डोक्यावरील अस्पष्ट ठिपक्यांवरून, पंख व शेपटीवरील रुंद पट्ट्यांवरून आणि पोटाच्या खालच्या निर्मळ पांढऱ्या भागावरून. चित्र सुंदर करण्याच्या भरांत असल्याच खुणा आपण पुसून टाकतों. खोटा रंग हीही एक खोटी चिठ्ठीच होय.

म्हणून चित्राखालीं "पिंजऱ्यांतील पक्षी" असें स्पष्ट लिहावें. रानांतील म्हणून दाखवूं नये. पालकांसही एक विनंति: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील घुबडांना संरक्षण आहे; तीं घरीं पाळणें गुन्हा आहे. मुलांना घुबड दाखवावयाचें तर मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांतच न्यावें.

पुढें एका रविवारीं मी पुन्हा त्याच पिंजऱ्यापाशीं गेलों. पक्ष्याला खाणें घालतांना त्या गृहस्थांनीं माझा पुठ्ठा दांडीजवळ क्षणभर धरला. या वेळीं मीं पुठ्ठ्यावरून प्रकाश सुधारला आणि इतर कशासही हात लाविला नाहीं. पिसें सोनेरी झालीं नाहींत. गर्द तपकिरी ठिपक्यारेघांचीं, जुन्या झाडाच्या सालीसारखीं दिसलीं. चित्र त्यांना दाखविलें. ते डोळ्यांकडे पाहून हंसले व म्हणाले, "हां सर, आतां ओळख पटली."

हेंच चित्र यंदाच्या प्रदर्शनांत लावणार आहों. जुनें चित्रही शेजारीं ठेवूं. दोहोंतील फरक आपणच पाहून सांगावा.