आंब्याखालच्या कोंबड्या

प्रश्न : गुहागरजवळ आमच्या परड्यात दहा-बारा हापूसची कलमं, चार माड, एक जांभूळ आणि एक पेरू आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं आता इथेच राहतो. बागेत कोंबड्या पाळाव्यात असं माझ्या मनात आहे. बायको म्हणते, त्या मुळं उकरून झाडं मारतील. शेजारचे दादा म्हणतात, कोंबड्या सगळी कीड खातात, औषध मारायची गरजच उरणार नाही. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : वहिनींचं म्हणणं दादांपेक्षा जास्त खरं आहे. पण त्यावर उपाय सोपा आहे, तेव्हा बेत सोडू नका.

कोंबडी हा मुळात झाडाखालच्या पाचोळ्यात चरणारा पक्षी. आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज. आपल्या सह्याद्रीत फिरणारा राखाडी रानकोंबडाही तिच्या नात्यातला निघाला. कोंबड्यांच्या पायांना पिवळा रंग देणारं जनुक त्याच्याकडून आलं, असं 2008 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. असा रानातला वंश असल्यामुळे उघड्या माळावर घारीच्या धाकानं दबकणारी कोंबडी आंब्याखाली निवांत चरते. मात्र तिचा सगळा कारभार जमिनीवरचा. मोहोरावरचे तुडतुडे, काजूच्या पालवीवरचा ढेकण्या, खोडात शिरलेला भिरूड यांचं ती काहीही वाकडं करू शकत नाही. दादांचा फवारणीचा पंप एवढ्यात भंगारात जाणार नाही.

तिच्या हाती सापडते ती फळमाशी. ही माशी पिकत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. फळ आतून सडतं, गळून पडतं, मग अळ्या बाहेर पडून मातीच्या वरच्या थरात कोषात जातात आणि काही दिवसांनी नव्या माश्या उडतात. पडलेलं फळ, अळी आणि कोष, तिन्ही कोंबडीच्या चोचीच्या टप्प्यात असतात. मे महिन्यात उशिराच्या आंब्याखाली आणि पावसाळ्यात पेरूखाली तिला सोडली, तर ती दिवसभर तेच करत बसते. तरी गडग्यापलीकडच्या बागेतून माश्या येतच राहणार, म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगलेला असू द्या. माडांसाठीही एक युक्ती आहे. गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. खड्डा उपसताना कोंबड्या जवळ सोडा, एकेक जाडजूड अळी त्या वेचून खातात. वाळवी तर त्यांचा खाऊच. अर्थात त्यांना मित्रकीटक आणि शत्रुकीटक असा भेद कळत नाही, गांडुळं आणि कोळीही त्याच पोटात जातात.

आता वहिनींच्या तक्रारीकडे. जुन्या आंब्याला उकरण्यानं काही होत नाही. नवीन कलमाचं आळं मात्र कोंबड्या एका दुपारी विस्कटतात, पालापाचोळ्याचं आच्छादन बाहेर फेकतात आणि बारीक मुळं उघडी पडतात. पहिली दोन-तीन वर्षं आळ्याभोवती जांभ्याचे तुकडे दाटीनं मांडा किंवा जाळी लावा. मिरची-वांग्याचे वाफे असतील तर त्यांना कुंपण हवंच, त्यात तडजोड नाही.

खरी गोम वेगळीच आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. गावठी कोंबड्या संध्याकाळी झाडावर चढून बसतात, बहुधा रोज त्याच झाडावर. रात्रभराची शिट त्याच बुंध्याशी पडते. ढोबळ हिशेबानं मोठ्या अंडी देणाऱ्या कोंबडीच्या वर्षभराच्या शिटीत अर्धा किलोच्या आसपास नत्र असतं, गावठीच्या त्याहून कमी. हापूसच्या दहा वर्षांपुढच्या झाडाला वर्षाला दीड किलो नत्राची शिफारस आहे, आणि ते द्यायचं पावसाळ्याच्या तोंडाला. मोहोर यायचा तर आंब्याला ऑक्टोबरपासून जरा ताण बसावा लागतो. त्याच दिवसांत बुंध्याशी ताजं नत्र पडत राहिलं तर झाड पालवी काढत बसतं. म्हणजे सगळ्यात हिरवंगार झाड आणि त्यालाच आंबा नाही, असा प्रकार. शिवाय ताजी शिट गरम, कोवळ्या मुळांना भाजते. म्हणून कोंबड्या रात्री खुराड्यातच हव्यात. खाली भाताचं तूस किंवा सुकी पानं पसरा, ती महिन्याला काढून खड्ड्यात कुजवा आणि ते कोंबडखत जूनमध्ये तुमच्या हातानं, मापानं सगळ्या झाडांना द्या.

खुराड्याचं दुसरं कारण मुंगूस आणि रानमांजर. दिवसा झाडाची सावली घारीपासून वाचवते, पण रात्री झाडावर बसलेली कोंबडी रानमांजराला आयतीच सापडते. खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच ठेवा आणि जाळी इतकी बारीक घ्या की मुंगसाचं तोंड आत जाणार नाही. तिन्हीसांजेला दार लावायची जबाबदारी घरात एकाचीच ठेवा. दोघांवर असली की एक दिवस कुणीच लावत नाही!

फवारणीच्या काळात, म्हणजे मोहोरापासून फळ धरेपर्यंत, कोंबड्या आंब्याखाली नकोत. औषधानं मरून पडलेले कीटक त्या वेचून खातात, आणि काही औषधांचे अंश अंड्याच्या बलकात उतरतात. या महिन्यांत त्यांना घरामागे, माडांच्या बाजूला जाळीत ठेवा. दाणेदार कीटकनाशक जमिनीत घालायची सवय असेल तर ती सोडा, कोंबडीला तो दाणाच वाटतो.

जांभळाचं एक लक्षात ठेवा. आंबा झेल्यानं उतरतो, त्याला माती लागत नाही. जांभूळ आपण खालून उचलतो आणि तसंच तोंडात टाकतो. जिथे कोंबड्या फिरतात तिथलं पडलेलं फळ धुतल्याशिवाय नातवंडांना देऊ नका.

जात कोणती? वनराज, गिरिराज वजनाला भारी, अंडीही जास्त देतात, पण पळायला जड. गावठी वर्षाला पन्नास-साठ अंडी देईल, पण ती चपळ असते, स्वतः खुडूक होऊन रवणीला बसते आणि पिल्लं स्वतः सांभाळते. तुमच्या बागेला तीच बरी. पिल्लं आठवड्याची झाली की मानमोडीची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात टाकून घ्या, आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी, आर-टू-बी, टोचून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. मानमोडी आली की उपचार नसतो, अख्खं खुराडं रिकामं होतं. सहा तलंगा आणि एक कोंबडा एवढ्यावर पहिलं वर्ष काढा.

प्रश्न : पुण्यात बंगल्याच्या आवारात पेरू, चिकू, डाळिंब आहे आणि गेल्या वर्षी अॅव्होकॅडो लावलाय. चार कोंबड्या ठेवल्या तर चालेल का? कोंबडा लागतोच का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. शेजारी झोपू द्यायचे असतील तर ठेवू नका. आधी सोसायटीचे आणि महापालिकेचे नियम विचारून घ्या. पेरू, चिकू, डाळिंबाखाली कोंबड्या खुशाल फिरू द्या. अॅव्होकॅडोची गोष्ट वेगळी. त्याच्या पानांत, सालीत आणि बीमध्ये पर्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते पक्ष्यांच्या हृदयाला घातक ठरतं. पोपट आणि कॅनरी यांना ते लवकर बाधतं, कोंबडी त्या मानानं सोसते, पण तिची परीक्षा घ्यायचं कारण नाही. त्या झाडाभोवती जाळी मारा, गळलेली पानं उचला आणि स्वयंपाकघरातली अॅव्होकॅडोची सालं कोंबड्यांपुढे टाकू नका.