झाडीपट्टीचा नाट्यमंडप आणि ध्वनीची ‘कला’

इटियाडोह धरणाच्या पाण्यावर पिकलेला धान कापून खळ्यावर आला, की गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात नाटकांचे दिवस सुरू होतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर बांधलेल्या या धरणाचा लाभ गोंदिया, भंडारा व गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतील शेतीला मिळतो आणि हाच मुलूख झाडीपट्टी रंगभूमीचाही आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव मंडप उभे राहतात. वडसा येथील नाट्यमंडळे रात्रीमागून रात्री प्रयोग करीत हिंडतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री किताब मिळाला, तेव्हा राज्याबाहेरच्या रसिकांचेही लक्ष तिच्याकडे वेधले गेले.

या नाटकाचा प्राण म्हणजे संवाद आणि गाणे. उघड्या रानात, कापडी कनातीच्या आत, शेकडो प्रेक्षकांपर्यंत शब्द पोहोचवायचा तर ध्वनिक्षेपकावाचून गत्यंतर नाही. पूर्वी हे काम पत्र्याचे भोंगे करीत. आता मंचाच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या पेट्या रचलेल्या दिसतात आणि त्यांच्या तळाशी सबवूफर असतात. यंत्रसामग्री वाढली, खर्च वाढला. तरी ‘आवाज फार मोठा, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार अनेक मंडपांत ऐकू येते. या तक्रारीचे मूळ बहुधा यंत्राच्या शक्तीत नसते. ते पेट्यांच्या मांडणीत आणि ज्याला भौतिकशास्त्रात ‘कला’ म्हणतात त्या गोष्टीत असते. साउंडवाले तिलाच ‘फेज’ म्हणतात.

ध्वनीची लांबी

ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते. तो मागे जातो तेव्हा ती विरळ होते. दाब व विरळपणा यांची ही साखळी म्हणजे ध्वनितरंग. एका सेकंदात असे जितके फेरे होतात, तितके हर्ट्झ ही त्या ध्वनीची कंप्रता. हिवाळ्यातील थंड रात्री ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. या वेगाला कंप्रतेने भागले, की एका तरंगाची लांबी मिळते.

३४०० हर्ट्झचा तरंग अवघा १० सेंटिमीटर लांब असतो. ३४० हर्ट्झचा तरंग १ मीटर, तर ६८ हर्ट्झचा खर्जातला तरंग तब्बल ५ मीटर लांब असतो. स, त, क, च यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा ध्वनी मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झच्या टापूत असतो. ढोलाचा ठोका किंवा संगीतातील घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास व त्याखाली असतो. सबवूफर हा केवळ या खालच्या टापूसाठी आहे. त्यामुळे नाटकातील शब्द समजण्यास त्याची मदत जवळजवळ होत नाही, ही गोष्ट आयोजकांनी प्रथम ध्यानात घ्यावी. जुन्या भोंग्याला खर्ज मुळीच नव्हता. त्याचा आवाज कर्कश होता, पण शब्द दूरवर कळत, त्याचे कारण हेच.

कला म्हणजे काय?

चंद्राची कला म्हणजे त्याच्या फेऱ्यातील त्या दिवशीची अवस्था. ध्वनितरंगाची कलाही अशीच असते : तरंग आपल्या फेऱ्यात कोणत्या टप्प्यावर आहे, हे ती सांगते. पूर्ण फेरा ३६० अंशांचा मानतात.

गावच्या बोडीत दोन खडे थोड्या अंतरावर एकाच वेळी टाकले, तर त्यांची वलये एकमेकांतून जाताना दिसतात. जेथे उंचवट्याला उंचवटा मिळतो तेथे पाणी अधिक वर येते. जेथे उंचवट्याला खळगा मिळतो तेथे पाणी जवळजवळ स्थिर राहते. ध्वनीचेही तसेच आहे. दोन पेट्यांचे तरंग कानाशी एकाच कलेत आले, तर ध्वनीची पातळी ६ डेसिबलने वाढते. ते १८० अंशांच्या फरकाने, म्हणजे अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने आले, तर एकमेकांना मारतात. दोन्ही पेट्या चांगल्या, दोन्ही वर्धक पूर्ण शक्तीने चाललेले, आणि तरीही त्या जागी बसलेल्या माणसाला तो ध्वनी ऐकूच येत नाही.

उलट, वर्धकाची शक्ती ५०० वॉटवरून १००० वॉट केली तर वाढ होते केवळ ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणून मांडणी चुकल्याने गमावलेला ध्वनी पैसे खर्चून भरून काढता येत नाही.

उलटी तार

कला बिघडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे तारांची अदलाबदल. एका पेटीत लाल तार लाल टोकाला आणि दुसरीत काळ्या टोकाला जोडली गेली, तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. अशा दोन सबवूफरच्या मधोमध उभे राहिल्यास खर्ज नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

याची परीक्षा सोपी आहे. वर्धकापासून सोडविलेल्या मोठ्या ध्वनिक्षेपकाच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा; धन टोक लाल खुणेला व ऋण टोक काळ्या खुणेला. बहुतेक ध्वनिक्षेपकांत पडदा पुढे सरकतो. महत्त्वाचे हे, की एका संचातील सर्व पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. ज्या पेटीत वर्धक आतच बसविलेला असतो तिला, किंवा उंच स्वरांच्या नाजूक कर्ण्याला ही परीक्षा करू नये. अशा वेळी दोन पेट्या शेजारी ठेवून एकच खर्ज सूर वाजवावा. दुसरी पेटी चालू करताच आवाज वाढला तर जोडणी बरोबर, घटला तर उलटी.

मंचाच्या दोन बाजू

तारा बरोबर असल्या तरी दुसरी अडचण उरते. समजा, मंचाच्या डावीकडे एक व उजवीकडे एक असे दोन सबवूफर १० मीटरांच्या अंतराने ठेवले आहेत. मधल्या रेषेवर बसलेल्या प्रेक्षकांना दोन्ही पेट्या सारख्याच अंतरावर असल्याने तेथे खर्ज जोरदार येतो. पण मंचापासून २० मीटर दूर आणि मध्यरेषेपासून सव्वापाच मीटर बाजूला बसलेल्या प्रेक्षकाला एक पेटी दुसरीपेक्षा सुमारे अडीच मीटर लांब पडते. ६८ हर्ट्झच्या तरंगाची ही बरोबर अर्धी लांबी. त्या जागी तो स्वर जवळजवळ पुसला जातो. आणखी बाजूला गेल्यास तो पुन्हा वाढतो. मंडपात अशा रीतीने खर्जाचे पट्टे पडतात. मधले लोक कानांवर हात ठेवतात, बाजूचे ‘आवाज वाढवा’ म्हणून ओरडतात, आणि साउंडवाला दोघांच्या कात्रीत सापडतो.

उपाय एकच : दोन्ही सबवूफर एकत्र, शक्य तर मंचाच्या पुढे मधोमध ठेवावेत. दोन पेट्यांच्या केंद्रांतील अंतर १ मीटरच्या आत असले, तर कोठेही बसणाऱ्या प्रेक्षकासाठी ६८ हर्ट्झला कलेतील फरक ७२ अंशांहून अधिक होत नाही आणि दोन्ही पेट्या सर्वत्र एकमेकींना साहाय्य करतात.

वरची पेटी आणि खालची पेटी

शब्दांची पेटी व सबवूफर यांच्या कामाची वाटणी बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास केलेली असते. या सीमेवर दोन्ही पेट्या एकच स्वर वाजवितात. शब्दांची पेटी तिवईवर मंचाच्या कडेला आणि सबवूफर तिच्या १.७ मीटर मागे असेल, तर सबवूफरचा ध्वनी ५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १०० हर्ट्झच्या तरंगाचा हा अर्धा फेरा झाला. म्हणजे सीमेवरच खड्डा पडला.

येथे ध्रुवता व कला यांतील भेद समजून घ्यावा. तार उलटी केल्याने प्रत्येक स्वर उलटा होतो. उशिरामुळे मात्र प्रत्येक स्वराची कला निरनिराळ्या प्रमाणात बदलते. तोच ५ मिलिसेकंदांचा उशीर १०० हर्ट्झला अर्धा फेरा असतो, तर २०० हर्ट्झला पूर्ण फेरा. म्हणून उशिराने झालेला बिघाड केवळ तार उलटी करून पूर्णपणे दुरुस्त होत नाही. दोन्ही पेट्या शक्यतो एका रेषेत ठेवाव्यात, किंवा पुढच्या पेटीला ध्वनिसंस्कारकातून, म्हणजे साउंडवाल्यांच्या ‘प्रोसेसर’मधून, तेवढाच उशीर द्यावा.

जुळणी तपासण्यासाठी सीमेवरचा एकच सूर दोन्ही पेट्यांतून सारख्या पातळीवर वाजवावा. सबवूफरची ध्रुवता मुद्दाम उलटी करून, आवाज सर्वांत कमी होईपर्यंत उशीर कमीजास्त करावा. मग ध्रुवता पूर्ववत करावी. जेथे उलट्या जोडणीत ध्वनी पूर्ण मारला जातो, तेथेच सुलट्या जोडणीत तो पूर्ण मिळतो.

मंचावरील माइक

कलेचा प्रश्न मंचावरही येतो. एका नटाचा आवाज दोन माइकांनी पकडला आणि दुसरा माइक १७ सेंटिमीटर अधिक दूर असला, तर १००० हर्ट्झचा भाग मारला जातो. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. म्हणून नट आपल्या माइकपासून जितका दूर असेल, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवावे आणि ज्या माइकजवळ कोणी नाही तो मिटता ठेवावा. संवादाच्या माइकांतून १०० हर्ट्झखालचा भाग वगळावा. त्यामुळे फळ्यांवरील पावलांचा धडधडाट सबवूफरमध्ये जात नाही आणि शब्द स्वच्छ होतात.

शेवटची रांग

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ध्वनी ६ डेसिबलने घटतो. शेवटच्या रांगेसाठी पुढचा आवाज वाढविला तर पहिल्या रांगेतील बालकांच्या कानांना इजा होऊ शकते. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी मान्य झालेला एक मापदंड ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा सांगतो. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघ्या १५ मिनिटांवर येते. नाटक तर तासन्‌तास चालते.

म्हणून लांब मंडपात २५ मीटरांवर छोट्या पेट्यांची दुसरी जोडी लावावी. मंचाचा ध्वनी तेथे येण्यास सुमारे ७४ मिलिसेकंद लागतात. दुसऱ्या जोडीला हा उशीर न दिल्यास प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. ७४ मिलिसेकंदांत आणखी १० ते १५ मिळविल्यास आवाज मंचावरूनच येत असल्याचा भास टिकतो, कारण आपला कान प्रथम आलेल्या ध्वनीची दिशा खरी मानतो. या पेट्यांतून खर्ज देऊ नये.

मंडपाबाहेरचे गाव

हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार राहते. अशा हवेत वर जाणारा ध्वनी खाली वळतो. इटियाडोहसारख्या विस्तीर्ण जलाशयावरून किंवा कापणी झालेल्या बांध्यांवरून तो फार दूर जातो. त्यातही ५ मीटर लांबीचा तरंग कनातीने अडत नाही आणि घराच्या भिंतीला वळसा घालून आत येतो. नेहमीच्या मापनपद्धतीत मापक ६३ हर्ट्झचा ध्वनी सुमारे २६ डेसिबलने कमी धरतो. त्यामुळे आकडा लहान दिसतो, पण घराचे पत्रे थरथरतात.

सबवूफर सर्व दिशांना सारखाच बोलतो, मागच्या घरांनाही. येथे कलाच उपयोगी पडते. दोन सबवूफर एकामागे एक १.२५ मीटर अंतराने ठेवून पुढच्याला ३.७ मिलिसेकंद उशीर दिला, तर समोर दोन्ही ध्वनी एका कलेत जातात. मागे मात्र तो उशीर आणि परतीचे अंतर यांची बेरीज ६८ हर्ट्झच्या अर्ध्या फेऱ्याइतकी होते. त्या स्वराच्या आसपास मागचा खर्ज बराच कमी होतो.

केंद्र शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते, आणि बंदिस्त सभागृहांचा अपवाद वगळता रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो वापरण्यास मनाई आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्री उशिरा रंगणाऱ्या नाटकांच्या आयोजकांनी वेळ, परवानगी आणि मंचाची दिशा यांचा विचार मंडपाचा पहिला खांब रोवण्यापूर्वीच करावा. मंचाचे तोंड वस्तीकडे न करता मोकळ्या रानाकडे ठेवणे, हा यातील बिनखर्चाचा उपाय आहे.

प्रयोगापूर्वी साउंडवाल्याला एक तास शांतपणे द्यावा. त्याने तारा तपासाव्यात, सबवूफर एकत्र आणावेत, पेट्या जुळवाव्यात आणि एखाद्या नटाला मंचावर बोलावयास सांगून स्वतः शेवटच्या रांगेपर्यंत चालत जावे. वर्गणी गोळा करून नाटक आणणाऱ्या गावाला त्या रांगेतील म्हाताऱ्या माणसालाही प्रत्येक शब्द कळावा असेच वाटते. आणि मंडपापलीकडे झोपलेल्या आजाऱ्याची झोपही त्याच गावाची आहे. थोडे शास्त्र आणि मोजपट्टी हाताशी असली, तर या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एकाच वेळी साधता येतात.