घरगुती एफएम : वारंवारता का सरकते?

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी एका ट्रान्झिस्टरचा एफएम ट्रान्समीटर जोडला. आवाज येतो, पण हात जवळ नेला की स्टेशन सरकते. एरियल लावून तो गावभर ऐकवता येईल का?
— एक वाचक, वैराग

उत्तर : सर्किटमध्ये दोष नाही, त्याचा स्वभावच तसा. वारंवारता ठरते कॉइल आणि ट्रिमरवर. 6 मिमी व्यासाचे, 6 मिमी लांबीत बसवलेले पाच वेढे म्हणजे सुमारे 0.1 मायक्रोहेन्री, त्याला 25 पिकोफॅरड जोडले की 100 मेगाहर्ट्झ. इथे तुमच्या हाताची एक पिकोफॅरडची भरसुद्धा स्टेशन जवळपास दोन मेगाहर्ट्झ खाली ओढते! म्हणून ब्रेडबोर्ड टाळा, त्याच्या पट्ट्याच काही पिकोफॅरड घालतात. तांब्याच्या पत्र्याच्या पाटीवर आखूड पायांनी डाग द्या, कॉइलवर मेण ओता, सगळे पत्र्याच्या डबीत बसवून डबी ऋणाला जोडा. ट्रिमर प्लॅस्टिकच्या पेचकसानेच फिरवा. 9 व्होल्टची बॅटरी उतरली तरी स्टेशन हलतेच, म्हणून 5 व्होल्टचा 78एल05 रेग्युलेटर घाला.

एरियल मात्र नको. आपल्याकडे परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे, आणि 108 मेगाहर्ट्झच्या लगेच वर विमानांचा पट्टा सुरू होतो. प्रदर्शनात रेडिओ टेबलावर शेजारीच ठेवा, तेवढे पुरे. गावासाठी बोलायचेच असेल, तर संस्थेमार्फत सामुदायिक रेडिओचा परवाना मागता येतो. म्हसवडची 'माणदेशी तरंग' त्याच वाटेने 90.4 वर आली.