लाल रेषेपलीकडे

१. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असं चिपळुणात म्हणायला छाती लागते. लाल पूररेषा म्हणजे तेच. निळी पंचवीस वर्षांची. बाजारपेठेतल्या एका दुकानदारांनी २००५ आणि २०२१ चे दोन्ही महापूर दुकानात घेतलेले. मी ऐटीत समजावलं, “काका, म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता.” ते म्हणाले, “मग दोन्ही टक्के माझ्याच वाट्याला कसे?” मी मुकाट्याने चहा संपवला. ती रेषा होऊन गेलेल्या पावसाच्या हिशेबावर उभी असते. एका अंशाने तापलेली हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे तिच्यात कुठून येणार?

२. पुढचा पाऊस सांगणाऱ्या जागतिक हवामान मॉडेलला सह्याद्री धड दिसत नाही. त्याचा एकेक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा. दाभोळची खाडी, कुंभार्ली घाट आणि कोयना एकाच खणात! प्रत्यक्षात महाबळेश्वरात २२-२३ जुलै २०२१ ला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता, आणि खालच्या वाईला वर्षभरात जेमतेम त्याहून थोडा जास्त मिळतो. चौकोन बारीक करता येतात, पण त्यामुळे अंदाज अचूकच होतो असं नाही. नकाशा देखणा होतो, एवढं खरं.

३. पुढचा पूर काढायचा तर आधी मागचा भिंतींवर वाचावा लागतो. झालेला पूर ज्या मॉडेलला सांगता येत नाही, त्याच्या २०५० च्या अंदाजावर कोण विश्वास ठेवणार? एका काकूंनी कपाट सरकवलं. मागे, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता, तिथे मातकट रेघ. माझ्या खांद्याच्याही वर. तेव्हा भरती किती वाजता होती, तेही त्यांनी न विचारता सांगितलं. घाटावरचा पाऊस, कोयनेत वीज करून सोडलेलं पाणी आणि भरती यांची गाठ पडली की चिपळूणची वाशिष्ठी नदी तुंबते. त्यात समुद्र वर चढतोय.

४. धोक्याच्या नकाशावरचा कोरा भाग मला आता जास्त छळतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली; दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

५. तुमच्या तालुक्याचा धोक्याचा नकाशा कुणी दाखवला, तर रंगांकडे नंतर बघा. त्यात पाऊस कोणत्या सालापर्यंतचा धरलाय, ते आधी विचारा.