सावंतवाडीची लाकडी खेळणी

“पोराला खेळणं कशाला? दोन दिवसांत मोडतं. पैसा पाण्यात!” असे पुष्कळजण म्हणतात. पण मढीच्या जत्रेत गेले की पोर हट्ट धरते. मग आपण पाल पाहून काहीतरी घेतोच. ते खेळणे कुणी केले, कशाचे केले, हे मात्र आपण विचारत नाही. आज आपण एका नामांकित खेळण्याची माहिती घेऊ. ते खेळणे सावंतवाडीचे.

खेळण्याची आवड फार जुनी

माणूस गाव करून राहू लागला, तेव्हापासून त्याच्या मुलांना खेळणी आहेत. मोहेंजोदडो या फार जुन्या गावाच्या खोदकामात मातीच्या लहान लहान गाड्या सापडल्या.

आपला नगर जिल्हाही यात मागे नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे 1974 साली एका भिल्ल माणसाला झाडाचे खोड खणताना चार ओतीव वस्तू सापडल्या. दोन बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथात हाकणारा माणूस उभा आहे. रथ, गेंडा आणि रेडा यांना चाके आहेत. या वस्तू सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. चौघांचे मिळून वजन 60 किलोहून जास्त. एवढे जड खेळणे पोर कसे ओढणार? म्हणून त्या देवकार्याच्या किंवा मिरवणुकीच्या असाव्यात, असे जाणकार म्हणतात. पण चाकावर बैल, चाकावर हत्ती ही कल्पना किती जुनी, ते यावरून कळते. आज जत्रेत मिळणारी लाकडी बैलगाडी ही त्याच कल्पनेची नात म्हणायची.

सावंतवाडी कुठे आहे?

नगराहून पुणे, सातारा, कोल्हापूर करत जावे. पुढे आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते. हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. पूर्वी हे भोसले घराण्याच्या संस्थानाचे ठिकाण होते. गावाच्या मधोमध मोती तलाव आहे. काठाला राजवाडा आहे. गावात चितारआळी नावाची आळी आहे. चितारी म्हणजे रंगकाम करणारे कारागीर. त्यांच्यावरून आळीला नाव पडले.

संस्थानाच्या आश्रयाने इथे दोन कामे वाढली. एक लाकडी खेळण्यांचे. दुसरे गंजिफांचे. गंजिफा म्हणजे खेळायची गोल पाने. ती हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा गट असतात. एका गटात 12 पाने. मग एकूण पाने किती? 120. हा हिशेब तुम्ही पाटीवर करून पाहा.

खेळणे कसे तयार होते?

या खेळण्यांना पांगाऱ्याचे लाकूड लागते. पांगारा तुम्हांला ठाऊक असेल. त्याला काटे असतात आणि वसंतात लालभडक फुले येतात. त्याचे लाकूड हलके आणि मऊ असते. इमारतीला ते कामाचे नाही. पण खेळण्याला उत्तम! पोराच्या डोक्यात पडले तरी फार लागत नाही.

आधी लाकूड चांगले वाळवतात. ओले लाकूड पुढे तडकते. मग तुकडे पाडून वाकस आणि पटाशीने आकार देतात. गोल वस्तू असेल तर लेथवर कातून घेतात. पुढे घासून गुळगुळीत करतात, बारीक भोके बुजवतात, आणि मग रंगाचा हात देतात. शेवटी चकाकी आणतात.

सावंतवाडीची फळे तर प्रसिद्धच आहेत. केळे, आंबा, वांगे, मिरची, काजूचे बोंड. परडीत मांडली तर पाहुणा उचलून खायला जाईल! शिवाय पोळपाट, लाटणे, जाते, उखळ अशी सगळी भातुकली. भोवरा, पाळणा, बैलगाडीही.

भातुकली म्हणजे नुसता पोरखेळ नव्हे बरं का. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मुले शिकवली. चार वाट्या चौघांत वाटणारी मूल भागाकाराची सुरुवातच करत असते. पाटी हातात येण्याआधी खेळणे हातात येते. म्हणून ती मुलाची पहिली शाळा.

पडता काळ

पुढे प्लास्टिक आले. एका साच्यातून हजारो खेळणी निघू लागली. हाताने केलेले खेळणे दिवसभराच्या कष्टाचे. त्याची किंमत साच्याच्या किमतीला कशी पुरणार? छापील पत्ते आले आणि गंजिफाही मागे पडल्या. कोकणातली तरुण मुले मुंबईची वाट धरू लागली. गंजिफा रंगवू शकणारे हात सावंतवाडीत मोजकेच उरले. म्हातारा कारागीर गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाणार, अशी वेळ आली.

मोठेपणी शिकले, म्हणून कला वाचली

तेव्हा सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी एक गोष्ट केली. ही 1970 नंतरच्या दशकातली हकीकत. त्यांनी नुसते पैसे दिले नाहीत. एका वृद्ध चितारी कारागिराकडून त्यांनी स्वतः गंजिफेची कला शिकून घेतली. मग राजवाड्यातच कारखाना काढला आणि गावच्या लोकांना ते काम दिले.

मंडळी, यातले मर्म ध्यानात घ्या. राजा झाला तरी शिकणारा तो विद्यार्थीच. मोठेपणी शिकायला कसली आली लाज? तुम्हीही दिवसभर कष्ट करून पाटी हातात धरता. तुमचे आणि त्यांचे काम एकाच जातीचे.

पुढे 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली. प्रवासी वाढले. सावंतवाडीला जाणारा माणूस खेळणी घेतल्याशिवाय सहसा परतत नाही.

विकत घेताना

लहान मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. हलक्या रंगात शिसे असू शकते. शिसे पोटात गेले तर मुलाच्या मेंदूला इजा होते, आणि ती भरून येत नाही. म्हणून सरकारने 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची केली. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो, खाली परवान्याचा. अक्षरे इंग्रजी असतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला ती वाचायला सांगा.

सरकारच्या हस्तकला खात्याकडे नोंद असलेल्या कारागिरांना या खुणेतून सूट आहे. तेव्हा हातचे खेळणे घेताना कारागिरालाच विचारावे, “रंग कोणता वापरलात? मुलाने तोंडात घातला तर चालेल का?” चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. उलट गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून खूश होतो.

दहा फुटकी खेळणी घेण्यापेक्षा एक चांगले घ्यावे. ते थोरल्याचे धाकट्याला होते. आणि तेही जमत नसेल, तर पोळ्याला आपण मातीचे बैल करतोच की! त्यांना एकदा चाके लावून पाहा. पोराला ते बाजारच्या खेळण्याहून प्यारे वाटेल. त्यात आपल्या बापाचा हात आहे हे त्याला कळते.

शब्दांचे अर्थ

आश्रय – आधार, मदत
संस्थान – राजाच्या ताब्यातला मुलूख
मर्म – आतली खरी गोष्ट
सक्ती – केलेच पाहिजे असा नियम

सांगा पाहू

1. खेळण्यांसाठी पांगाऱ्याचेच लाकूड का घेतात?
2. दायमाबादच्या वस्तू मुलांच्या खेळण्यातल्या नसाव्यात, असे का म्हणतात?
3. सावंतवाडीची गंजिफा कशामुळे वाचली?
4. तुमच्या गावात कोणती कला एखाद्याच म्हाताऱ्या माणसाला येते? त्याच्याकडे जाऊन माहिती विचारा आणि चार ओळी लिहून आणा.