उघडून बघितलीस का?

घोडेगाव

चि. बाळू,

काल मंचरच्या स्टँडवर तुझे चुलते भेटले. म्हणाले, नारायणगावात तमाशाच्या एका मोडलेल्या फडाची बाजाची पेटी तू बावीस हजारांना ठरवलीस, पाच हजार इसारही देऊन आलास. जर्मन सुरांची आहे म्हणे. सांगितलं कोणी? विकणाऱ्यानेच ना! अरे, उघडून बघितलीस का?

मागे तुला जुन्या पियानोचं खूळ होतं. दोन-अडीचशे किलोचं ते धूड माडीवर कोण चढवणार होतं? सुटलं ते, बरं झालं. पण पेटीसुद्धा डोळे झाकून घ्यायची वस्तू नव्हे. एकही पट्टी न दाबता भाता भर. हवा टिकली पाहिजे. फुस्स झाली तर कातडं गेलं समज. मग झाकण काढून सूर बघ. घासून घासून पातळ केलेला पितळी सूर चार दिवस गोड लागतो, नंतर तुटतो. फडाच्या पेटीने तर जन्म ट्रकमध्ये आणि राहुटीत काढलेला. पालिताण्याचे सूर निघाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, ते चांगले असतात. फक्त जर्मनचा भाव मोजू नकोस.

मी तुझ्या वयाचा असताना एका पेटीची नुसती झिलई बघून भुललो होतो. ती घ्यायला आबांनी दोन शेळ्या विकल्या. आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊक आहे. आषाढात पट्ट्या फुगून अडकल्या, दोन सूर मुके झाले. आबा चकार शब्द बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. दुरुस्त होण्यासारखी होती रे, पण लाजेने मी तिला पुन्हा हात लावला नाही. मीही उघडून बघितली नव्हती.

पेटीवाल्याला तसाही मान कमीच. रेडिओने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं. तमाशातल्या विठाबाईंचं नाव नारायणगावात लहान पोरही घेतं, मागे पेटीवर कोण बसायचं हे कोण विचारतो?

जास्त बोललो. अक्का सांगत होती, जेवताना ताटाच्या कडेवर तुझी बोटं चालतात. ऐकून बरं वाटलं मला.

रविवारी पहिल्या गाडीने येतो, पेचकस घेऊन. तोवर उरलेले पैसे देऊ नकोस. इसार बुडाला तर मी भरीन. आणि पेटी चांगली निघाली, तर आधी मला एकदा सा धरू दे.

तुझा मामा